रेड एरियातली तीन वर्षं

नीट पीजीचा, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की ज्युनिअर मुलामुलींचे फोन सुरू होतात. "ताई, इमर्जन्सी मेडिसिन घेऊ का?" आणि त्याला जोडूनच, "घेतलं तर पुढे काय?" फोनवर बोलताना निम्मं राहून जातं, ते मग रात्री आठवतं. म्हणून सगळं क्रमाने लिहून काढते आहे. मी नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात डीएनबी (एमडीच्या तोडीची पदव्युत्तर पदवी) इमर्जन्सी मेडिसिन केलं. २०२२च्या फेब्रुवारीत रुजू झाले, २०२५च्या फेब्रुवारीत मुदत संपली. रुग्णालयाचं नाव लिहिणार नाही. पेशंटांचे तपशीलही ओळख पटणार नाही इतके बदलले आहेत.

सुरुवात सुरगाण्यापासून करायला हवी. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की एक वर्ष सरकारी सेवेचा बाँड, नाहीतर दहा लाख भरा. माझं बाँडचं वर्ष सुरगाणा तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलं, तेही कोविडच्या काळात. नीट पीजी १८ एप्रिल २०२१ला होती. हॉल तिकीट काढून, नाशिकला मावशीकडे मुक्कामाचं ठरवून मी तयार होते आणि तीन दिवस आधी परीक्षा पुढे गेली. ती झाली ११ सप्टेंबरला. दोनशे प्रश्न, आठशे गुण, साडेतीन तास. निकाल २८ सप्टेंबरला लागला. आता महिन्याभरात कौन्सेलिंग होईल असं वाटलं, तर ईडब्ल्यूएसच्या (आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाच्या) आठ लाखांच्या उत्पन्नमर्यादेचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकला. डिसेंबरात देशभर रेसिडेंट डॉक्टर रस्त्यावर आले. ७ जानेवारी २०२२ला न्यायालयाने वाट मोकळी केली आणि १२ तारखेला नोंदणी सुरू झाली.

या मधल्या महिन्यांचं काय करायचं, हे कोणी सांगत नाही. पुस्तक उघडवत नाही, नोकरी धरवत नाही, घरात "काय झालं तुमच्या ॲडमिशनचं" सुरू असतं. मी आरोग्य केंद्रातच मुदतवाढ घेतली, महिन्याला पैसे येत राहिले. ज्यांना असा आधार नव्हता त्यांची अवस्था वाईट झाली. कौन्सेलिंग लांबलं तर घरी बसू नका, कुठेतरी ड्युटी धरा, एवढंच सांगेन.

माझा रँक मेडिसिनला किंवा रेडिओलॉजीला पुरणारा नव्हता, हे लपवत नाही. पण इमर्जन्सी मी वर लावली त्याला दुसरंही कारण होतं. आमच्या केंद्रातून अवघड पेशंट नाशिकला रेफर करायचा म्हणजे घाटातून दोन-अडीच तास. चिठ्ठी लिहायची, सलाइन लावायचं, १०८मध्ये बसवून द्यायचं. त्यापुढे त्याचं काय झालं ते बहुतेक वेळा कळायचंच नाही. नाशिकला ज्या दाराशी ती गाडी थांबते, त्या दाराच्या आत काय चालतं ते मला बघायचं होतं. बाबांना समजावणं मात्र अवघड गेलं. "म्हणजे कॅज्युअल्टी ऑफिसरच ना? त्याला तीन वर्षं कशाला?" त्यांचाही दोष नाही. भारतात एमडी इमर्जन्सी मेडिसिनला मान्यता मिळाली २००९मध्ये, डीएनबी त्याच्याही नंतर. सटाण्याच्या आमच्या ओळखीतल्या एकाही डॉक्टरने ही शाखा शिकलेला माणूस पाहिला नव्हता.

कागदपत्रांबद्दल. अलॉटमेंट लेटर, नीटचं हॉल तिकीट आणि स्कोअरकार्ड, एमबीबीएसच्या सगळ्या मार्कशीट, अटेम्प्ट सर्टिफिकेट, इंटर्नशिप पूर्ण झाल्याचा दाखला, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रिमिलेअर, डोमिसाइल, बाँड पूर्ण झाल्याचं पत्र आणि गॅप असेल तर स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र. यातलं बाँडचं पत्र सगळ्यात उशिरा मिळतं, त्याचा अर्ज शेवटच्या महिन्यातच करून ठेवा. कौन्सेलिंगला नोंदणी शुल्काशिवाय पंचवीस हजार अनामत भरावी लागली. ती परत मिळते, पण ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात. माझ्या एका मैत्रिणीने कॅफेवाल्याच्या कार्डावरून भरली आणि नंतर त्याच्या मागे फिरत बसली. डीएनबीची फी वर्षाला सव्वा लाख, तीन वर्षं.

रुजू झाले त्या दिवशी एचआरच्या टेबलावर अख्खी दुपार गेली. मूळ कागदपत्रं जमा करताना पोचपावती मागून घ्या, कागदागणिक नाव लिहिलेली. मुंबई नाक्याजवळ तिघींनी मिळून फ्लॅट घेतला, माझ्या वाट्याला पाच हजार यायचे. डबा वेगळा. रुग्णालयापासून चालत येता येईल अशीच जागा बघा. रात्रपाळी करून सकाळी नऊला द्वारका चौकातून गाडी चालवणं हा निराळाच धोका आहे आणि झोपेत गाडी ठोकलेले रेसिडेंट आपल्याच रेड एरियात, म्हणजे अत्यवस्थ पेशंटांच्या कक्षात, येतात, हे मी पाहिलं आहे.

पहिल्या दोन महिन्यांत डोकं सुन्न व्हायचं. एमबीबीएसला शिकवलेलं असतं की हिस्ट्री घ्या, तपासा, निदान करा, मग उपचार. इथे ती घडी मोडते. माणूस दारातून आत येतो तेव्हा त्याला काय झालंय हे माहीत नसतं आणि बऱ्याचदा तासभर कळतही नाही. तरी हात चालू करावे लागतात. श्वासाची वाट मोकळी आहे का, श्वास पुरेसा आहे का, नाडी आणि रक्तदाब काय म्हणतात, शुद्ध किती आहे, साखर बघितली का. ज्याने जीव आधी जाईल ते आधी. आमचे सर केस प्रेझेंट करू द्यायचे नाहीत. मी "बावन्न वर्षांचे गृहस्थ, मधुमेहाचा इतिहास" असं सुरू केलं की ते मध्येच, "आधी काय करणार?" उत्तर दिलं की, "ते झालं. आता?" एवढीच त्यांची शिकवणी. मला सुरुवातीला हा माणूस तुटक वाटायचा. सहा महिन्यांनी कळलं की तो आम्हाला पुस्तकाच्या क्रमातून बाहेर काढत होता.

ट्रायाजच्या खुर्चीवर बसणं सगळ्यांना कमीपणाचं वाटतं, कारण तिथे प्रोसिजर करायला मिळत नाहीत. माझं मत उलट आहे. आलेला माणूस लाल (अत्यवस्थ), पिवळा (थोडा थांबू शकणारा) की हिरवा (किरकोळ) हे मिनिटभरात ठरवणं हेच या शाखेचं मूळ काम आहे. आरडाओरडा करणारा बहुतेक वेळा पिवळा असतो आणि भिंतीला टेकून गप्प बसलेला लाल. पंचवटीतल्या एक काकू दाढ दुखते म्हणून आल्या होत्या, घामाघूम. मी काही म्हणायच्या आत आमच्या सिस्टरने त्यांना झोपवून ईसीजी लावला होता. छातीत दुखत असेल तर आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी, हा नियम जगभर आहे. दाढेला तो लावायचा हे त्या सिस्टरला वीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं. हार्ट अटॅकच होता. सिस्टर, ब्रदर, मामा, मावशी यांच्याशी नीट वागा, हे उपकार म्हणून सांगत नाही. पहिल्या वर्षी निम्मं शिक्षण त्यांच्याकडून होतं.

आणि बूट. नाडी नसलेले, पाण्याने धुता येणारे. खिशात स्वतःची टॉर्च, कपडे कापायची कात्री आणि छोटी वही. वहीत औषधांचे डोस उतरवा, फोनवर शोधायला वेळ नसतो. लॉगबुक दर आठवड्याला भरा, वर्षाअखेरीस भरायला बसलात तर कोणती इंट्युबेशन (श्वासनळीत नळी घालणं) कुणाची, काही आठवणार नाही. त्यावर गाइडची सही लागते आणि गाइड सुटीवर असतात.

थिसिसचा प्रोटोकॉल रुजू झाल्यापासून नव्वद दिवसांत पाठवायचा असतो. म्हणजे जेव्हा सेंट्रल लाइनची (मोठ्या शिरेत घालायच्या नळीची) सुई हातात धरताना घाम फुटतो, त्याच दिवसांत संशोधनाचा विषयही सुचायला हवा. त्याआधी एथिक्स कमिटीची मंजुरी हवी आणि कमिटी काही रोज बसत नाही. पहिल्याच आठवड्यात जाऊन पुढच्या बैठकीची तारीख विचारा, मग उलटा हिशेब मांडा. विषय असा घ्या की ज्याचे पेशंट तुमच्या दारात आपोआप येतात. मी सर्पदंश घेतला. दंश झाल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंत किती वेळ गेला आणि मध्ये काय काय उपचार झाले, असा.

विषय सुरगाण्यामुळे सुचला होता, पण त्याची खरी ओळख पहिल्या पावसाळ्यात झाली. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ भागात भाताची आवणी सुरू झाली की रोज एक-दोन. आपल्याकडे घात करणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. ते ओळखायची चाचणी इतकी साधी आहे की नव्या मुलांचा विश्वास बसत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग नळी तिरपी करून बघायची. रक्त वाहिलं तर विष चढलंय. नळी काचेचीच हवी आणि साबणाने धुतलेली नको, नाहीतर चाचणी फसवते. कोट्यवधींची यंत्रं असलेल्या इमारतीत आम्ही काचेच्या नळ्यांचा एक डबा कुलपात जपून ठेवायचो, कारण कोणीतरी त्या घासून ठेवायचं.

मण्यारीचा प्रकार वेगळा. ती रात्री अंथरुणात चावते, दुखत नाही, खूण दिसत नाही. कळवणकडच्या एका आजींना पहाटे आणलं. नातू म्हणाला, पित्त झालंय. आजींचं एकच चाललं होतं, "पोट दुखस, पोट दुखस." पापण्या जड होत होत्या. जमिनीवर झोपता का, एवढं विचारलं आणि अँटिव्हेनम सुरू केलं. तासाभरात श्वास उथळ झाला, नळी घालावी लागली. पुढचे काही दिवस आयसीयूत गेले आणि नंतर त्या चालत घरी गेल्या. अँटिव्हेनमच्या सुरुवातीला आठ ते दहा कुप्या लागतात. मुलांनाही तेवढ्याच, कारण सापाने विष सोडताना वजन बघितलेलं नसतं. ॲलर्जी उठू शकते, म्हणून ॲड्रिनलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवायचं. माझ्या थिसिसमधले बरेच पेशंट आधी भगताकडे जाऊन आलेले होते. त्यावर आमच्यातले काही जण चिडायचे. मला चिडता आलं नाही. मध्यरात्री पाड्यावरून गाडी मिळत नसेल तर माणूस जो जवळ आहे त्याच्याकडे जातो. १०८च्या गाड्या सेवा सुरू झाली तेव्हा राज्यभरात ९३७ होत्या, त्यातल्या जीवरक्षक यंत्रणेच्या २३३. सुरगाण्याचे रस्ते आणि पाऊस धरून त्याचा हिशेब करून बघा.

पावसाळा सरतो आणि द्राक्षाचा हंगाम सुरू होतो. नाशिकबाहेर शिकणाऱ्यांना हे बघायला मिळणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ऑक्टोबर छाटणी झाली की वेलीचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. दिंडोरी-निफाडच्या बागांत हे काम करायला पेठ-सुरगाण्याकडचे मजूर येतात. दिवसभर पेस्ट लावायची, संध्याकाळी थोडी घ्यायची. ते रसायन अंगात असताना दारू पोटात गेली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. माझ्या पहिल्या ऑक्टोबरात एका रात्री एकाच बागेतले तिघे असे आले. दारू बनावट असणार, असं म्हणत मुकादम शपथा घेत होता. सरांनी त्यांच्या हातांचा वास घेतला आणि विचारलं, "पेस्टवर होते का?" याला उतारा नाही. सलाइन, लागलं तर रक्तदाब वाढवणारी औषधं आणि वाट बघणं. डिस्चार्जच्या कागदावर आम्ही मराठीत मोठ्या अक्षरांत लिहायचो की पेस्टच्या कामानंतर काही दिवस दारू अजिबात नको. आमच्या कागदाने दारू थांबत नाही हेही माहीत होतं.

कीटकनाशक प्यायलेले मात्र वर्षभर येतात. ऑर्गनोफॉस्फरस या कीटकनाशकांच्या गटातलं विष घेतलेल्या पेशंटला आधी कपडे काढून साबणपाण्याने धुवायचं, आपण हातमोजे घालायचे, मग ॲट्रोपिन. डोस दर पाच मिनिटांनी दुप्पट, छातीतली घरघर थांबेपर्यंत. नवीन माणूस डोळ्यांच्या बाहुल्या बघत बसतो. बाहुल्या सोडा, छातीला स्टेथोस्कोप लावा. एका रात्रीत ॲट्रोपिनच्या इतक्या अँप्युल फुटायच्या की मावशी सकाळी झाडताना पुटपुटायच्या. आणि सगळं ठीक वाटत असताना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मानेतली ताकद जाते. म्हणून राउंडला त्याला उशीवरून डोकं उचलायला सांगायचं. नाही उचललं तर श्वासही जाणार आहे असं समजून तयारी करायची.

यातले बहुतेक माझ्याच वयाचे किंवा लहान. कर्ज, घरातलं भांडण, परीक्षा. शुद्धीवर आल्यावर "चुकून प्यायलं" म्हणतात आणि बाहेर बसलेली आई आपल्याकडे बघत असते. पहिल्या वर्षी मी घरी येऊन रडायचे. दुसऱ्या वर्षी रडू आलं नाही याची भीती वाटली. तेव्हा आमच्या सायकियाट्रीच्या मॅडमकडे स्वतःसाठी वेळ मागितला. त्यांनी दिला. याची लाज वाटू देऊ नका.

प्रत्येक विषबाधा, अपघात, मारहाण, भाजलेलं म्हणजे एमएलसी, पोलिसांना कळवायची केस. आणणाऱ्याचं नाव, वेळ, अंगावरच्या ओळखीच्या दोन खुणा, अंगठा, पोलिसांना दिलेल्या सूचनेची वेळ आणि चौकीतल्या हवालदाराची सही बक्कल नंबरसकट. पोलीस येईपर्यंत उपचार थांबवायचे नसतात. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८९मध्येच परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केलं, तरी नातेवाईक अजून "आधी पोलीस केस करू का" विचारत दारात उभे राहतात. अक्षर सुवाच्य ठेवा. समन्स दोन-तीन वर्षांनी येतं आणि कोर्टात उभं राहून आपलंच लिहिलेलं वाचावं लागतं. जुलै २०२४मध्ये नवे फौजदारी कायदे आले तेव्हा आमचे छापील फॉर्म जुन्याच कलमांचे होते. काही आठवडे आम्ही पेनाने खोडून लिहीत होतो.

मधल्या काळात रोटेशन असतात: ॲनेस्थेशिया, आयसीयू, ऑर्थो, बालरोग, स्त्रीरोग. ॲनेस्थेशियाचा महिना वाया घालवू नका. थिएटरमध्ये शांतपणे शिकलेली श्वासनळीची वाट रात्री तीनला उपयोगी येते. सोनोग्राफी शिकायची ओढ सगळ्यांना असते, पण आपल्याकडे मशीन पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायद्याखाली नोंदलेलं असावं लागतं, वापरणाऱ्याची आणि नोंदींची शिस्त कडक असते. तुमच्या इमर्जन्सीत स्वतःचं नोंदणीकृत मशीन आहे का, हे आधीच विचारून घ्या. सीट घेतल्यावर कळून उपयोग नाही.

दुसऱ्या वर्षी तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढायचे असतात, डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅम म्हणून. मी कंटाळत गेले आणि सगळ्यात जास्त तिथे शिकले. खासगीत एका पेशंटमागे आम्ही चौघं असायचो, इथे एकाच वेळी आठ ट्रॉल्या. सुरगाण्याहून रेफर झालेले पेशंट, हातात तशीच चिठ्ठी, जशी मी लिहायचे. चिठ्ठीवर काय हवं असतं ते तिथे नेमकं कळलं: कोणतं औषध किती वाजता दिलं, बस्स. बाकी सगळं आम्ही पुन्हा बघणारच असतो. तेव्हापासून मी त्या भागातल्या मेडिकल ऑफिसरना पेशंटचं पुढे काय झालं ते फोन करून सांगते. दोन मिनिटं लागतात.

भांडणांबद्दलही लिहायला हवं. इमर्जन्सीचा रेसिडेंट हा सगळ्या विभागांना नको असलेला पाहुणा आणतो. बेड नाही, हे आमचं नाही, आधी सीटी करा, मग कॉल द्या. फोन केल्यावर "पेशंट बघायला या" म्हणू नका. काय झालंय, काय केलंय, तुमच्याकडून काय हवंय, या क्रमाने तीन वाक्यांत सांगा आणि फोनची वेळ केसपेपरवर लिहा. नातेवाइकांचं वेगळं. सरकारी योजनेत बसेल का, रेशनकार्ड पिवळं की केशरी, योजनेचं काम बघणारे आरोग्यमित्र कुठे बसतात, हे आम्हालाच विचारतात आणि विचारणारच, कारण पहिले आम्ही भेटतो. महात्मा फुले योजनेची कागदपत्रं तोंडपाठ करून टाका. माणूस गेल्याचं सांगताना उभ्याने, दारात सांगू नका. बसवा, स्वतः बसा, "गेले" हा शब्द वापरा. "आम्ही प्रयत्न केले" एवढ्यावर थांबलात तर घरच्यांना वाटतं अजून चालू आहेत.

डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१०चा कायदा आहे. तरी रात्री पन्नास माणसं आत घुसली की कायदा आठवत नाही, मागचं दार आठवतं. ऑगस्ट २०२४मध्ये कोलकात्याच्या रुग्णालयात ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीवर बलात्कार आणि तिचा खून झाला, त्यानंतर देशभर ओपीडी बंद राहिल्या. संप असला तरी आपत्कालीन सेवा चालूच असते, म्हणजे आम्ही काळ्या फिती लावून ड्युटीवर. त्या आठवड्यात आम्ही मुलींनी रात्रपाळीचा रेस्ट रूम, त्याची कडी आणि कॉरिडॉरमधला दिवा यांची लेखी मागणी केली. कडी आठवड्यात बसली. दिव्याला दिवाळी उजाडली.

तिसऱ्या वर्षी सिंहस्थाचे वारे सुरू झाले. २०२६-२७ला कुंभ आहे, त्यामुळे एकदम खूप जखमी आले तर काय करायचं याच्या बैठका आणि रंगीत तालमी. जुने लोक नाशिकच्या कुंभातली २७ ऑगस्ट २००३ची चेंगराचेंगरी काढायचे, ३९ जण गेले होते. एरवी आमचा नियम असतो की सगळ्यात अत्यवस्थ माणसाकडे आधी जा. मोठ्या दुर्घटनेत तो बदलतो: ज्याचं हृदय थांबलंय त्याला काळी पट्टी लावून पुढे जायचं, कारण तेवढ्या वेळात तीन वाचू शकतात. तालमीत नर्सिंगच्या मुली जखमींचं सोंग घेऊन हसत पडलेल्या असतानाही ती पट्टी बांधायला माझा हात कचरला. हे कागदावर शिकता येत नाही, तालीम चुकवू नका.

परीक्षेचं थोडक्यात. दरवर्षी फॉर्मेटिव्ह असेसमेंट, म्हणजे अंतर्गत चाचणी, असते, ती मनावर घ्या, तिथेच लिहायची सवय होते. अंतिम लेखी चार पेपर, प्रत्येकी शंभर गुण, तीन तास. मिळून निम्मे गुण लागतात. बारा तासांच्या पाळ्या करत अभ्यास कसा होतो? तुकड्यातुकड्यांत होतो. त्या रात्री बघितलेल्या केसवरचं पान दुसऱ्या दिवशी वाचायचं, एवढंच मला जमलं. थिसिसचं बाइंडिंग कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत केलं, साहित्यचोरीच्या तपासणीचा दाखला आधी जोडून. प्रॅक्टिकलचं केंद्र दुसऱ्या राज्यात आलं. प्रवास आणि राहण्याचे पंधरा हजार बाजूला ठेवा आणि तिकीट रद्द करता येईल असंच काढा.

पास झाल्यावर प्रोव्हिजनल दाखल्यावर कौन्सिलकडे वाढीव पात्रतेची नोंद होते. ती झाल्याशिवाय नावापुढे पदवी लावू नका. मी आता नाशिकमध्येच कन्सल्टंट म्हणून काम करते. या शाखेत स्वतःचा दवाखाना टाकून बोर्ड लावता येत नाही, आयुष्यभर कोणाच्या तरी रुग्णालयात पाळ्या कराव्या लागतात. हे ज्यांना खटकतं त्यांनी घेऊ नये, नंतर पस्तावतात. पाळी संपली की फोन बंद ठेवता येतो, हे मला पटतं.

चॉइस भरण्याआधी त्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीबाहेर रात्री अकरा ते दोन नुसतं बसून या. गाड्या किती येतात, आत घेतल्या जातात की दारातूनच पुढे पाठवल्या जातात ते बघा. मग तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला गाठून चहा पाजा, टपरीवर, आत नको. इंट्युबेशन तुम्ही करता की ॲनेस्थेशियाला बोलावता? रात्री कन्सल्टंट जागेवर असतात की फोनवर? पहिल्या वर्षासाठी किमान ३५,००० स्टायपेंड ठरलेला आहे, तो पूर्ण मिळतो का? आणि कोणत्या तारखेला जमा होतो, हेही विचाराच. आमचा बऱ्याचदा पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला यायचा आणि घरमालकाला पाच तारखेला भाडं लागायचं.